जॉब कार्ड बदलायला बावीस महिने: शिपयार्डमधला माझा अनुभव

गेल्या शुक्रवारी लेखापरीक्षकांनी शेवटच्या टिपणावर सही केली आणि आमच्या शिपयार्डातली जुनी जॉब कार्डं रीतसर बंद झाली. या कामाला बावीस महिने लागले. ते माझ्याकडे आलं तेव्हा मी नियोजन विभागात होते. वाचायला पुष्कळ मिळालं, पण सोमवारी सकाळी ऑफिसात येऊन नेमकं काय करायचं हे कुठे लिहिलेलं सापडलं नाही. असंच काम ज्यांच्या पुढ्यात येऊन पडलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, जसं घडलं त्याच क्रमाने.

आधी जुनी पद्धत सांगते. प्रत्येक कामगाराचं आठवड्याचं एक कार्ड असायचं. त्यावर जहाजाचा नंबर, खात्याचा नंबर आणि तास. खाती म्हणजे हल (जहाजाचं पोलादी धड), पाइप, इलेक्ट्रिकल, मशिनरी, रंग. टाइमकीपर कार्डं गोळा करायचा, कॉस्टिंगमध्ये बेरजा व्हायच्या आणि महिन्याच्या १२ तारखेला मागच्या महिन्याचा हिशोब हातात पडायचा. त्यातून कळायचं एवढंच, की पाइप खात्याने या जहाजावर अमुक इतके तास खर्च केले. ते तास कुठल्या ब्लॉकवर (जहाजाचा वेगळा बांधून मग जोडला जाणारा मोठा भाग) गेले, शॉपमध्ये (कार्यशाळेत) गेले की जहाजावर चढून, पहिल्यांदाच्या कामाला लागले की केलेलं तोडून पुन्हा करण्यात, याचा कार्डावर पत्ताच नव्हता.

चार जहाजांच्या मालिकेतलं दुसरं जहाज पाच महिने ‘९० टक्के पूर्ण’ होतं. दर महिन्याच्या आढाव्यात तोच आकडा. हलवाले टनात मोजत होते आणि त्यांचं जवळजवळ सगळं पोलाद खरोखरच चढलं होतं. पाइपवाले मीटरमध्ये मोजत, इलेक्ट्रिकलवाले ओढलेल्या केबलच्या लांबीत. कुणीही खोटं बोलत नव्हतं. पण टाकीतली सरळसोट एक मीटर पाइप आणि इंजिनरूममध्ये चार वळणं घेत पंपाखालून जाणारी एक मीटर पाइप मीटरच्या हिशोबात सारखीच. सगळ्यांनी सोपं आधी उरकलं होतं आणि अवघड तेवढं उरलं होतं.

त्यात जलावतरणाची गोष्ट घडली. जहाजाच्या करारात पैसे बहुधा हप्त्यांनी येतात: करारावर सही, पहिली प्लेट कापणं, कील (जहाजाचा तळकणा) ठेवणं, जलावतरण आणि शेवटी ताबा. जलावतरणाचा हप्ता वेळेत मिळावा म्हणून जहाज ठरल्या दिवशी पाण्यात उतरवलं. इंजिनरूमच्या भागातली निम्मी पाइपिंग तेव्हा बाकी होती. आमच्या धंद्यात एक ढोबळ हिशोब सगळ्यांना तोंडपाठ असतो: जे काम शॉपमध्ये एका तासात होतं, त्याला ब्लॉकवर तीन तास लागतात आणि जहाजावर आठ. हप्ता वेळेत आला, महिन्याचा अहवाल छान दिसला आणि एका तासाचं काम आम्ही स्वतःच आठ तासांचं करून ठेवलं. त्या संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी धक्क्यावर उभी होते. जहाज सुंदर दिसत होतं आणि माझ्या पोटात गोळा आला होता. उरलेल्या पाइपांची यादी माझ्याच टेबलावर होती.

तिसऱ्या जहाजाच्या आधी काहीतरी करा, असा आदेश जानेवारीत निघाला आणि फाइल माझ्याकडे आली. सोबत कॉस्टिंगमधला एक सहकारी आणि ड्रॉइंग ऑफिसमधली एक मुलगी. आम्ही तिघं.

कार्ड खात्यावार का असतं, हे मी पहिले दोन आठवडे भेटेल त्याला विचारत होते. उत्तर एकच, “पहिल्यापासून असंच आहे.” मग रेकॉर्ड रूममध्ये बसायची परवानगी काढली. त्यासाठी अर्ज, विभागप्रमुखाची सही, सुरक्षा विभागाची सही असं करत नऊ दिवस गेले. पण ते तीन आठवडे सगळ्या बावीस महिन्यांत मला सर्वांत जास्त शिकवून गेले.

सर्वांत खालच्या कपाटात रिवेटिंगच्या, म्हणजे पत्रे तापवलेल्या खिळ्यांनी जोडण्याच्या, काळातली रजिस्टरं होती. कडा तपकिरी पडलेल्या, पानं चिकटलेली. रकाने असे: टोळीचा नंबर, फ्रेम (जहाजाची फासळी) कितीपासून कितीपर्यंत, ठोकलेले रिवेट, नापास रिवेट, देय रक्कम. रिवेटची टोळी म्हणजे ठोकणारे, पलीकडून दाबून धरणारा आणि रिवेट तापवणारा पोऱ्या. तपासनीस छोटी हातोडी घेऊन एकेक रिवेट वाजवून बघायचा. सैल रिवेटचा आवाज वेगळा येतो. त्यावर खडूची खूण, तो काढून पुन्हा ठोकायचा. म्हणजे त्या एका ओळीत काम कुठे झालं, किती झालं, कसं झालं आणि किती पैसे लागले, हे सगळं होतं. आमच्या संगणकातून निघणाऱ्या अहवालात यातली निम्मी माहिती नव्हती. मी ते पान मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते.

पुढच्या रजिस्टरांमध्ये वेल्डिंग येतं आणि फ्रेम नंबरचा, म्हणजे काम कुठे झालं ते सांगणारा, रकाना गायब होतो. इथे मला कोडं सुटल्यासारखं झालं. त्याच दिवसांत मी या धंद्याचा इतिहास वाचत होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वेल्डिंग आणि तयार ब्लॉकच्या जोरावर २,७१० लिबर्टी जहाजं (एकाच नमुन्याची मालवाहू जहाजं) बांधली. त्यातलं ‘रॉबर्ट ई. पियरी’ १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये कील ठेवल्यापासून साडेचार दिवसांच्या आसपास पाण्यात उतरलं, कारण त्याचे मोठमोठे भाग आधीच तयार करून ठेवले होते. युद्धानंतर, १९५१ मध्ये, नॅशनल बल्क कॅरियर्स या अमेरिकी कंपनीने जपानमधलं कुरे इथलं जुनं नौदलाचं यार्ड भाड्याने घेतलं. युद्धात लिबर्टी जहाजं बांधणाऱ्या कैसरच्या अमेरिकी यार्डात काम केलेले एल्मर हॅन तिथे आले आणि तिथले जपानी अभियंते हिसाशी शिंतो यांनी ती पद्धत आत्मसात करून बरीच पुढे नेली. त्यातूनच पुढे इशिकावाजिमा-हारिमा अर्थात आयएचआयमध्ये ब्लॉकला धरून कामाची फोड करण्याची पद्धत पक्की झाली. १९८० साली अमेरिकेच्या नॅशनल शिपबिल्डिंग रिसर्च प्रोग्रॅमने ती अमेरिकी यार्डांसाठी लिहून काढली. युद्धात अमेरिकेहून निघालेली पद्धत जपानमध्ये वाढून परत अमेरिकेत आली.

दुसरा धागा कागदी नियंत्रणाचा. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रांच्या कामासाठी पर्ट (कामांचं जाळं मांडून वेळापत्रक ठरवायची पद्धत) काढलं. १९६७ मध्ये त्यांच्या संरक्षण खात्याने कंत्राटदारांसाठी खर्च आणि वेळापत्रकाचे ३५ निकष घातले आणि आज आपण ज्याला अर्न्ड व्हॅल्यू म्हणतो ते रूढ होत गेलं. खर्च किती झाला हे जसं मोजायचं, तसंच त्या खर्चात ठरलेल्यापैकी किती काम पदरात पडलं तेही मोजायचं, असा त्याचा गाभा.

आमच्या यार्डाने ब्लॉकची पद्धत उचलली, क्रेन घेतल्या, रंगासाठी वेगळी शेड बांधली, पण कार्ड राहिलं खात्यांचं. जहाज ब्लॉकनुसार बांधायचं आणि हिशोब मात्र खात्यांनुसार ठेवायचा, असं कित्येक वर्षं चाललं होतं. आपल्याला नवीन काही शोधायचं नाहीये, कार्डाला फक्त कामाच्या बरोबरीला आणायचंय, हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मला स्पष्ट झालं आणि छातीवरचं ओझं थोडं हललं.

मग मंजुरी. टिपण सहा पानांचं, सह्या चार, लागलेला वेळ अकरा आठवडे. त्यातले सात आठवडे ते एकट्या वित्त विभागात होतं आणि चूक माझी होती: मी सगळ्यांत शेवटी त्यांच्याकडे गेले. त्यांची शंका रास्त होती. आंतरराष्ट्रीय लेखामानकं पाळणाऱ्या कंपनीत २०१८ पासून आयएफआरएस १५ (करारातलं उत्पन्न केव्हा दाखवायचं याचं मानक) लागू आहे. ज्या करारांत उत्पन्न काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दाखवायचं असतं, तिथे काम किती टक्के झालं हा आकडा थेट नफ्या-तोट्याच्या पत्रकात जातो. वित्तवाले तो झालेल्या खर्चाला एकूण अंदाजित खर्चाने भागून काढत होते. माझ्या पद्धतीत तो पूर्ण झालेल्या कामांवरून येणार होता. एकाच जहाजाला दोन टक्केवाऱ्या, मग लेखापरीक्षक कोणती धरणार? शेवटी ठरलं, की पत्रकासाठी त्यांची पद्धत तशीच राहील, दर तिमाहीला दोन्ही आकडे शेजारी मांडायचे आणि पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर लेखी कारण द्यायचं. तुम्ही असं काम हातात घेणार असाल तर वित्त विभागाकडे पहिल्या आठवड्यात जा आणि हा फरक पहिल्याच टिपणात मांडा. आमचे किमान पाच आठवडे वाचले असते. आणि चालू जहाजाचे कोड मध्येच बदलू नका. आम्हीही तिसऱ्या जहाजाच्या पहिल्या प्लेटपर्यंत थांबलो.

कोड बनवायला त्यानंतरचे महिने गेले. रचना सोपी ठेवली: जहाज, झोन (जहाजाचा भाग, जसं इंजिनरूम), टप्पा, कामाचा प्रकार. टप्पे तीन: शॉप, ब्लॉक, जहाजावर. पहिल्या मसुद्यात ४,२०० कोड झाले आणि आम्हाला तो फार नेटका वाटला. तो घेऊन मी पाइप शॉपच्या फोरमनकडे गेले. त्यांनी यादी उलटीसुलटी चाळली आणि म्हणाले, “मॅडम, हातमोजे काढून यात नंबर शोधायला लागणारा वेळ कुठल्या कोडवर टाकू?” त्यांनी ते अगदी मनापासून विचारलं होतं. आम्ही ६४० वर आलो. कामाच्या प्रत्येक पॅकेजला, म्हणजे एकत्र करायच्या कामांच्या गटाला, दोन आठवडे किंवा २०० तास ही वरची मर्यादा घातली. अर्धवट कामाची टक्केवारी कुणालाच विचारायची नाही: पॅकेज सुरू केलं की निम्मे तास जमा, पूर्ण करून तपासणी झाली की उरलेले निम्मे. ‘९० टक्के’ हा शब्दच कार्डावर लिहायला जागा ठेवली नाही.

सप्टेंबरमध्ये एका झोनवर चाचणी सुरू झाली. चौदा आठवडे जुनं आणि नवं कार्ड दोन्ही भरायचं. हा काळ सगळ्यांत जड गेला. पहिल्या आठवड्यात निम्मी कार्डं कोरी आली. दुसऱ्या आठवड्यात सगळी भरलेली आली आणि मला आनंद झाला, तोही जेमतेम दुपारपर्यंत टिकला. बारकाईने पाहिलं तर एकाच ब्लॉकच्या एकाच कोडवर अकरा जणांचे सगळे तास. त्या कोडात तास शिल्लक होते म्हणून. शुक्रवारी साडेचारला मी शॉपमध्ये जाऊन उभी राहिले. एक चार्जहँड (टोळीचा म्होरक्या) पत्र्याच्या कपाटावर कार्डांचा गठ्ठा ठेवून एकाच पेनाने सगळ्यांचा आठवडा भरत होता. सोमवारी कोण कुठे होतं हे शुक्रवारी त्याला तरी कसं आठवणार?

मी पाइप शॉपच्या त्याच फोरमनशी बोलायला गेले. ते जवळजवळ तीस वर्षं याच शॉपमध्ये. म्हणाले, “तुम्ही म्हणता म्हणून भरतो आम्ही. पण हा आकडा वर जातो आणि आमच्यावरच उलटतो. मला याचा उपयोग काय, ते सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तसंच सांगितलं आणि विचारलं, “तुमचं काम कशाने अडतं?” पुढची चाळीस मिनिटं ते बोलत होते आणि मी लिहून घेत होते. क्रेन मिळत नाही. ड्रॉइंगची सुधारित प्रत पाइप कापून झाल्यावर येते. फ्लँज (पाइप जोडायच्या चकत्या) स्टोअरमध्ये आहेत म्हणून कागद सांगतो, स्टोअरमध्ये त्या नसतात.

त्या रात्री आम्ही कार्डावर एक रकाना वाढवला: ‘थांबलो’. कारणं फक्त चार: क्रेन, ड्रॉइंग, माल, आधीचं काम अपुरं. आणि कार्ड रोजचं केलं, आठवड्याचं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या एका झोनमध्ये थांबलेले २१२ तास नोंदले गेले. निम्म्याहून जास्त क्रेनमुळे. मंगळवारच्या उत्पादन बैठकीत मी इतर काही न दाखवता तेवढाच कागद ठेवला. क्रेनचं वेळापत्रक तोपर्यंत हल खात्याच्या हातात होतं. पाइप शॉपला रोज सकाळचे दोन तास ठरवून मिळाले. दुसऱ्या दिवशी त्या शॉपमधली सगळी कार्डं व्यवस्थित भरून आली. तिसऱ्या दिवशीही.

यानंतर माझ्याकडून एक मोठी चूक झाली, ती लपवत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलाद आकसतं, त्यामुळे दोन ब्लॉक जोडताना कडा जुळत नाहीत आणि कापाकापी करावी लागते. आयएचआयच्या पद्धतीत या मापांची संख्याशास्त्रीय नोंद ठेवतात, म्हणजे पुढच्या ब्लॉकला किती जादा माप सोडायचं हे आधी ठरतं. आम्हीही दुरुस्तीसाठी वेगळा कोड केला. नोव्हेंबरमध्ये नऊ मिलिमीटरचा फरक पडलेल्या एका जोडाला बरेच तास लागले आणि मी दुरुस्तीचा अहवाल टोळीवार छापून फलकावर लावला. पुढच्या आठवड्यात दुरुस्तीचे तास शून्य. ब्लॉक पूर्वीसारखेच कापावे लागत होते, तास मात्र ‘सर्वसाधारण’ कोडवर जात होते. जे रजिस्टर पाहून मी भारावले होते, त्यात नापास रिवेटचे पैसे टोळीला बसत असणार, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. मी फलकावरून कागद काढला, कामगार प्रतिनिधींच्या बैठकीत सर्वांसमोर माफी मागितली आणि लेखी दिलं, की दुरुस्तीच्या नोंदीत यापुढे टोळी किंवा माणसाचं नाव नसेल, फक्त जोडाचा नंबर आणि माप असेल. शिस्तभंगासाठी ही नोंद वापरायची नाही, अशी ओळ परिपत्रकात घालून घेतली. खरे आकडे परत यायला दोन महिने लागले. ती ओळ पहिल्याच परिपत्रकात असू द्या.

पुढच्या वर्षीचं बरंचसं काम प्रशिक्षणाचं होतं: २६ तुकड्या, प्रत्येकी दोन तास, शिफ्टच्या सुरुवातीला. शेवटी ठेवलं तर कुणाचं लक्ष नसतं. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखी गोष्ट जलावतरणाची. तिसऱ्या जहाजाच्या वेळी आमच्याकडे झोनवार आकडे होते. तारखेच्या सहा आठवडे आधी इंजिनरूमच्या झोनमधली ब्लॉक टप्प्याची ४१ पॅकेजं उघडी दिसत होती. मी हिशोब मांडला: ती तशीच पाण्यात नेली तर वाढीव तासांचा खर्च किती येईल, आणि तीन आठवडे थांबलो तर हप्ता उशिरा आल्याचं व्याज किती बसेल. पहिली रक्कम दुसरीच्या दुपटीहून जास्त निघाली. बैठक दोन तास चालली. विक्री विभागाचा विरोध होता, ग्राहकाला काय सांगायचं म्हणून. वित्त विभाग मात्र माझ्या बाजूने उभा राहिला. दोन्ही आकडे शेजारी मांडायची त्यांना आता सवय झाली होती. जलावतरण तीन आठवडे पुढे गेलं. ते जहाज उतरलं तेव्हा उघडी पॅकेजं सहा होती. ताबा ठरल्या तारखेच्या चार दिवस आधी दिला.

निविदा विभागानेही हे आकडे मागायला सुरुवात केली आहे. पूर्वी ते पोलादाच्या टनाला तास लावून अंदाज करत. यार्डांची आपसात तुलना करायला कॉम्पेन्सेटेड ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकाराबरोबर कामाची गुंतागुंतही धरणारं माप) आहेच. पण आपल्याच यार्डात इंजिनरूमच्या ब्लॉकला किती तास लागतात, हे त्यातून कळत नाही. आता कळतं. चौथ्या जहाजाला तिसऱ्यापेक्षा कमी तास लागतील असं धरलंय, पण किती कमी यावर निविदावाल्यांशी अजून वाद चालू आहे. मालिकेतली बचत हाताला सवय झाल्यामुळे किती आणि ‘थांबलो’ कमी झाल्यामुळे किती, हे वेगळं काढल्याशिवाय मी त्यांना आकडा देणार नाही.

लेखापरीक्षणात दोन त्रुटी निघाल्या. एक किरकोळ, बंद कोडवर तास स्वीकारले जात होते; ती दुरुस्त केली. दुसरी खरी आहे. रंगाचं आणि इन्सुलेशनचं काम उपकंत्राटदार ठोक रकमेवर करतात, त्यांचे तास आमच्याकडे येतच नाहीत. त्यामुळे त्या झोनमध्ये कुणी कशासाठी थांबलं हे दिसत नाही. करार बदलायला वर्ष जाईल. तोवर त्यांच्या मुकादमांना फक्त ‘थांबलो’चा रकाना असलेलं छोटं कार्ड द्यायचं ठरलंय, तास न विचारता. पाइप शॉपचे फोरमन पहिल्या दिवशी माझ्याबरोबर रंगाच्या शेडमध्ये येणार आहेत. दोनशे कार्डं छापायला दिली आहेत, बुधवारी मिळतील.